बडोद्याच्या रावपुऱ्यात व्हायोलिनला पिकअप बसवून घेताना

माझ्या वडिलांचे व्हायोलिन आता मुलाच्या हाती आले आहे. तो कॉलेजच्या रॉक बँडमध्ये वाजवू लागला, तेव्हा ड्रम आणि गिटारपुढे ते ऐकूच येईना. माइक जवळ आणून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पोकळ लाकडाला पुन्हा थरथरवी आणि शिट्टी सुरू होई. एका दुकानाने बाजूला भोक पाडून वायर जोडायचा जॅक बसवावा, असे सुचवले, पण वडिलांच्या वाद्याला भोक पाडायला माझे मन धजावले नाही.

अखेर रावपुऱ्यातल्या एका लहानशा वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी आधी मुलाला विचारले, "तू कोणाला ऐकतोस?" त्याने फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक झाँ-ल्युक पाँती यांचे नाव घेताच काका खुलले. नॉर्मंडीतल्या आव्राँश गावी 1942 मध्ये जन्मलेले पाँती व्हायोलिन शिकवणाऱ्या वडिलांचे पुत्र. पॅरिसच्या संगीत विद्यालयातून पहिले पारितोषिक मिळवून ते ऑर्केस्ट्रात वाजवू लागले, आणि जॅझची गोडी लागल्यावर पुढे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापा आणि मग 1974 मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडपर्यंत पोहोचले. या साथीदारांमध्ये टिकायचे म्हणजे व्हायोलिनला वीज जोडणे भागच होते. वाद्य धरण्याची ढब आणि गजाची शिस्त मात्र त्यांनी शास्त्रीय शिक्षणातून आणली, हे काकांनी मुलाला दोनदा सांगितले. मला हेच फार मोलाचे वाटले, कारण आवाज वाढला की हात सैल पडतो, हे मी घरी रोज पाहते.

काम असे झाले: तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या फटीत पातळ पिझो पिकअप, म्हणजे कंपने पकडून त्यांचा विद्युत संकेत करणारी पट्टी, बसवला आणि जॅक कडेला चिमटीने आवळला, त्यामुळे लाकडाला ओरखडाही आला नाही. पिझोचा आवाज थेट अँपला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) दिला तर तो पातळ, किरकिरा येतो, म्हणून मधे सुमारे 1 मेगाओहम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे अँपच्या आधी संकेत सावरणारे छोटे यंत्र, हवाच, असे त्यांनी ठासून सांगितले आणि दोन्ही प्रकारे वाजवून दाखवले. फरक कोणालाही कळेल असा आहे. 196 हर्ट्झची खालची तार आता भरदार येते, पूर्वी ती जणू नव्हतीच. वरची 659 हर्ट्झची तार मात्र पहिल्या दिवशी कानाला टोचत होती. पुन्हा नेल्यावर त्यांनी घोडीची जागा किंचित सरकवून, पैसे न घेता, ते दुरुस्त केले.

तीन दिवस सांगून आठवडा लावला, आणि पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही. नवरात्रीपूर्वी गरब्याच्या वाद्यवृंदांची गर्दी असते, तेव्हा जाणे टाळावे. जाताना स्वतःचा गज आणि रोजचा अँप सोबत न्यावा, कारण काका दुकानातल्या अँपवर भागवून न घेता तुमच्याच अँपवर आवाज जमवून देतात.