झीज की आमवात? आधी कोणत्या डॉक्टरांकडे जायचं

सांधे दुखायला लागले की घरात ठरलेलं उत्तर मिळतं: "वय झालं, तेल चोळ." पण झीज (सांध्यातली कुर्चा झिजणं) आणि आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते) हे दोन अगदी वेगळे आजार आहेत, आणि चुकीच्या दारात गेलेले महिने आमवातात फार महाग पडतात.

सगळ्यात उपयोगी खूण सकाळी दिसते. झिजेत गुडघा आखडतो खरा, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. मग दिवसभर उभं राहिलं, जिने चढले-उतरले की संध्याकाळी ठणकतो आणि बसलं की बरं वाटतं. आमवातात उलट. उठल्यावर तासभर किंवा जास्तच मूठ वळत नाही, कपाचा कान धरवत नाही, आणि कामाला लागल्यावर हात हळूहळू सुटतात.

झीज गुडघे, खुबे आणि बोटांच्या टोकाचे सांधे धरते. आमवात मनगटं आणि बोटांच्या मुळाचे सांधे धरतो, बहुधा दोन्ही हातांचे. तिथली सूज दाबली तर मऊ लागते. तो म्हातारपणासाठी थांबतही नाही. तिशी-चाळिशीतही होतो, बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट.

झीज वाटत असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टर पुरेत. वजन उतरवणं आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांचा खरा फायदा होतो. हातांची सूज मात्र सहा आठवडे टिकली तर थेट रुमॅटॉलॉजिस्ट (आमवाताचे तज्ज्ञ डॉक्टर) गाठा, नुसत्या पेनकिलरवर दिवस काढू नका. हाडांची कायमची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका, अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार चिठ्ठीवर लिहून घ्या.

दोन्हींत न बसणारंही असतं. मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरही सोसवेना, तर गाऊटची (युरिक ॲसिड सांध्यात साठून होणारा आजार) शंका घ्या. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. आणि अचानक एकच सांधा गरम, सुजलेला, सोबत ताप, असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात पू झालेला असू शकतो.