फिल्टर बॉल व्हॉल्व्ह की वेगळा वाय-स्ट्रेनर? पाइपवर काय बसवाल

वॉशिंग मशीनमध्ये पाणी सावकाश भरायला लागलं की आपण पाण्याच्या दाबाला बोल लावतो. पुष्कळदा कारण असतं मशीनच्या तोंडाशी असलेली नखाएवढी जाळी. गंजाच्या कपच्या आणि वाळू बसून ती बुजलेली असते. शॉवर, नळाच्या तोंडाची जाळी, गीझर यांचंही तेच. म्हणून पाइपवरच एक गाळणी हवी, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत होतं. खरी अडचण पुढे येते: चावी आणि जाळी एकाच धडात असलेला फिल्टर बॉल व्हॉल्व्ह घ्यायचा, की साधा बॉल व्हॉल्व्ह लावून त्यापुढे वेगळा वाय-स्ट्रेनर, म्हणजे Y आकाराच्या धडाच्या तिरक्या फाट्यात जाळी असलेली गाळणी, जोडायचा?

माझं मत आधीच सांगतो. एखाद्या उपकरणासाठी किंवा एका न्हाणीघरासाठी फिल्टर बॉल व्हॉल्व्ह. सगळ्या घराच्या मुख्य लाइनवर पाण्याबरोबर गाळ बराच येत असेल तर वेगळा, मोठा स्ट्रेनर. आणि दोन्हीकडे निवड करताना एकच गोष्ट आधी तपासायची: जाळी साफ करणारा हात तिथपर्यंत सहज पोचतो का.

वाय-स्ट्रेनरची जाळी काढायची तर पाणी दोन्ही बाजूंनी तोडावं लागतं. आधी एक व्हॉल्व्ह, मग स्ट्रेनर, मग आणखी एक व्हॉल्व्ह. मधे निपल (दोन्ही टोकांना आटे असलेले पाइपाचे छोटे तुकडे) धरले तर आट्यांचे सहा जोड झाले, आणि प्रत्येक जोड ही गळतीची एक शक्यता. पुढचा व्हॉल्व्ह वाचवला तर झाकण उघडताच पुढच्या पाइपातलं पाणी मागे येतं. फिल्टर बॉल व्हॉल्व्हला जोड फक्त दोन. चावी पाव फेरा फिरवायची, झाकण काढायचं, जाळी धुवायची, परत लावायची. पाच-दहा मिनिटांचं काम. सोपं असतं म्हणून ते केलं जातं, आणि माझ्या लेखी या व्हॉल्व्हची सगळी किंमत त्यातच आहे.

मात्र फिल्टर बॉल व्हॉल्व्ह म्हणून दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत जाळी गोळ्याच्या, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या आरपार भोकाच्या चेंडूच्या, पोटातच असते. गोळा फिरला की आलेलं आणि गेलेलं, दोन्ही तोंडं बंद होतात आणि झाकण उघडल्यावर पोटातलं ओंजळभर पाणीच बाहेर येतं. दुसरीत गोळा आधी आणि जाळी त्यानंतरच्या तिरक्या फाट्यात. इथे चावी बंद केली तरी फक्त येणारं पाणी थांबतं. पाइप पुढे वरच्या मजल्यावर गेला असेल, तर झाकण सैल करताच तो सगळा पाण्याचा स्तंभ अंगावर येतो. दुसरी वस्तू वाईट नाही, पण ती घेणार असाल तर पुढच्या बाजूचे नळ उघडून दाब आधी सोडावा, खाली बादली ठेवावी. घेताना झाकण काढून आत बघा, जाळी नेमकी कुठे आहे ते लगेच कळतं.

वाय-स्ट्रेनरचं पारडं जड होतं ते जाळीच्या आकारात. गोळ्याच्या पोटात मावणारी जाळी लहानच असणार. ती लवकर भरते, आणि भरत आली की प्रवाह घटतो. टाकीतून उताराने येणाऱ्या पाण्याला हे फार जाणवतं. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे नळापेक्षा तीन मीटर उंच टाकीतून जेमतेम ०.३ बार. एवढ्याशा दाबात अर्धी बुजलेली जाळी म्हणजे शॉवरची धार गेलीच. अशा ठिकाणी पाइपापेक्षा एक माप मोठा स्ट्रेनर लावता येतो. १५ मिमीच्या लाइनवर २० मिमीचा, रिड्यूसर (दोन वेगळी मापं जोडणारा तुकडा) वापरून. पंपाच्या ओढीच्या बाजूला तर छोटी जाळी नकोच. ती बुजली की पंपाला पाणी कमी पडतं, पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चक्र, झिजतो.

या दोघांकडून काय मिळत नाही, तेही स्पष्ट असावं. अशा व्हॉल्व्हमध्ये ५०० मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची जाळी सर्रास दिसते. वाळूचे जाड कण, गंज, टेफ्लॉनचे तुकडे, पाइप कापतानाचा चुरा ती अडवते. गढूळपणा, क्षार, जंतू यांतलं काहीच ती थांबवत नाही. पाणी पिण्यासाठी स्वच्छ होईल या आशेने कोणी ती बसवू नये.

बसवताना

आधी लाइन धुऊन घ्या. मुख्य चावी बंद करून पाइप कापला की नवा व्हॉल्व्ह लावण्यापूर्वी थोडं पाणी बादलीत सोडायचं, नाहीतर कापण्याचा चुरा पहिल्याच दिवशी जाळीत जातो.

धडावर बाण असतो. पाणी त्याच दिशेने जायला हवं. उलटं बसलं तर गाळ जाळीच्या आत साठण्याऐवजी बाहेरून चिकटतो आणि जाळी उपसताना पाइपातच पडतो. आडव्या पाइपात झाकण खाली, म्हणजे गाळ त्यात बसतो. उभ्या पाइपात पाणी वरून खाली येणारं हवं.

झाकणापुढे जागा सोडा. माझ्याकडे एकदा झाकण भिंतीच्या इतकं जवळ आलं की पाना फिरायला वाव उरला नाही. सगळं उतरवून पुन्हा जोडावं लागलं. जाळीच्या लांबीएवढी मोकळी जागा आणि चावीचा दांडा पूर्ण फिरेल एवढं अंतर आधी मोजून घ्यावं. जवळ एक युनियन (पाइप न फिरवता उघडता येणारा जोड) लावली तर पुढे व्हॉल्व्ह बदलताना पाइप कापावा लागत नाही.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळलेला टेप पिळताना उकलतो. दोन पाने वापरा, एकाने धड धरायचं, दुसऱ्याने जोड आवळायचा. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा आटा जोर लावून पिळला तर सॉकेट तडकतं. तिथे पितळी आटे असलेलं फिटिंग घ्या. ते सॉल्व्हंटने पाइपला आधी चिकटवून वाळू द्या, मग व्हॉल्व्ह लावा. सॉल्व्हंटचा एक थेंबही गोळ्यावर नको.

गीझरच्या बाबतीत एक नियम मोडू नका: सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझरची टाकी यांच्यामध्ये कुठलीही चावी येता कामा नये. फिल्टर बॉल व्हॉल्व्ह सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी, थंड पाण्याच्या बाजूला. चुकून तो मध्ये बसला आणि कोणी बंद केला, तर तापून वाढलेल्या दाबाला सुटायला वाट राहत नाही.

पाणी सोडताना मुख्य चावी सावकाश उघडा, पुढचा नळ उघडा ठेवून हवा जाऊ द्या, आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून बघा. पहिली सफाई आठवड्याभरातच करा, त्या वेळी गाळ सगळ्यात जास्त निघतो. किती निघाला यावरून पुढचं अंतर ठरवता येईल. जाळीवर पांढरा थर असेल तर ब्रशने खरवडण्याऐवजी व्हिनेगरमध्ये भिजवा. चावी एकतर पूर्ण उघडी ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवली तर गोळ्याच्या कडेची गादी झिजते आणि मग चावी पुरती बंद होत नाही.