गौरी-गणपतीचे जेवण आणि न चालणारे पदार्थ : गुहागरजवळच्या एका घरगुती जेवणसेवेबद्दल

गुहागर तालुक्यात आमच्या वाडीपासून जवळच काही बायकांनी मिळून चालवलेली एक घरगुती जेवणसेवा आहे. वर्षभर त्या पोळीभाजीचे डबे देतात. गौरी-गणपतीत मात्र पानांच्या हिशेबाने संपूर्ण जेवण करून घरपोच आणून देतात आणि सांगितल्यास वाढायलाही येतात. सणाच्या दिवसांत पेलतील तेवढीच पाने त्या घेतात आणि आपले नाव दूरवर जावे अशी त्यांची इच्छा नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही. तरीही या सेवेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ज्या घरात कोणाला गहू, दूध किंवा काजू चालत नाही, त्या घराने सणाचे जेवण बाहेरून घेताना काय विचारावे आणि काय पाहावे, हे मला त्यांच्या कामातून कळले.

आमच्याकडे गणपतीचे विसर्जन गौरींबरोबर होते, त्यामुळे मुंबई-पुण्याहून आलेली सगळी मंडळी तोवर मुक्कामाला असतात. त्यांत माझ्या पुतणीला सीलिॲक आहे, दिरांना दूध पचत नाही आणि नणंदेच्या मुलाला काजूची ॲलर्जी आहे. गावात या तिघांचीही गणना ‘पथ्यवाले’ अशी एकाच ओळीत होते, पण त्यांच्या त्रासांत फार मोठे अंतर आहे. दिरांना दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे पाचकद्रव्य कमी पडते. पेलाभर खीर घेतली तर पोट फुगते आणि रात्र वाईट जाते, पण चमचाभराने काही बिघडत नाही. पुतणीच्या बाबतीत गहू किंवा जव यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते, आणि त्या दिवशी काहीही दुखले नाही तरी ती इजा होऊ शकते. भाच्याचे तर मिनिटांचे काम आहे. अंगावर गांधी उठण्यापासून घसा सुजून श्वास अडकण्यापर्यंत काहीही घडू शकते, आणि भाद्रपदातल्या पावसात गुहागरहून चिपळूणचा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता अशा वेळी फार लांबचा असतो.

म्हणूनच मागणी नोंदवताना या सेवेच्या प्रमुख काकूंनी जो प्रश्न विचारला, त्याचे मला विशेष वाटले. “वहिनी, कोणाला काय चालत नाही ते लिहून घेतलं. आता चुकून थोडं गेलं तर काय होतं, तेही सांगा.” आजवर ज्या आचाऱ्यांशी आमचा संबंध आला, त्यांतल्या कोणीही हे विचारले नव्हते. एका आचाऱ्याने तर “एवढ्याशाने काही होत नाही” असे सांगून विषय संपवला होता. काकूंनी मात्र उत्तरे ऐकून तिथल्या तिथे तीन वेगळे निर्णय घेतले: आमच्या जेवणाच्या दिवशी काजू स्वयंपाकघरात आणायचाच नाही, गव्हाचे काम वेगळ्या ओट्यावर आणि सर्वांत शेवटी करायचे, आणि दूध-दही कोणत्याही पदार्थात न घालता ज्याला हवे त्याच्या पानात वाढायचे. ज्याचा धोका मोठा, त्याच्यासाठी अख्खे स्वयंपाकघर बदलायचे आणि ज्याचा त्रास प्रमाणावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी फक्त वाढप बदलायचे, हा विचार मला फार योग्य वाटतो.

कोकणातले जेवण तांदूळ आणि नारळावर उभे असते, तेव्हा गव्हाची भीती ती कसली, असे कोणालाही वाटेल. उकडीचे मोदक, निवगऱ्या, पातोळ्या, घावन-घाटले, काळ्या वाटाण्याची आमटी, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी या कशातही गहू नाही. पण गहू पदार्थाच्या नावात दिसत नाही तेथूनच आत येतो. पहिली वाट हिंगाची. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधणी हिंग असतो. शुद्ध हिंग फार उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. वरणापासून कोशिंबिरीपर्यंत प्रत्येक फोडणीत तो पडतो, म्हणजे पोळी आणि पुरी टाळणारी पुतणी प्रत्यक्षात पानातल्या निम्म्या पदार्थांतून थोडा थोडा गहू खात असते. या बायकांनी तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणला होता आणि त्याची डबी मला वाचायला दिली. आपल्याकडे बंद पाकिटावर गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम-पिस्त्यासारखे झाडावरचे कवचाचे दाणे, सोयाबीन, अंडी, मासे आणि कवचाची मासळी यांचा उल्लेख करणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे पाकीट दाखवणारा स्वयंपाकी हा माझ्या लेखी निम्मी लढाई जिंकलेला स्वयंपाकी आहे.

दुसरी वाट गिरणीची, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मोदकाची पिठी आपण गावातल्या गिरणीतून दळून आणतो. आपल्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात आणि पाळ्यांत राहिलेले ते पीठ आपल्या पिठीत उतरते. दळणारा पहिले मूठभर पीठ बाजूला काढतो, पण तेवढ्याने पाळी स्वच्छ होत नाही. चण्याच्या डाळीच्या पिठाचेही तेच, आणि अळुवडी, भजी, कोथिंबीरवडी हे सारे त्याच पिठाचे. या सेवेकडे तांदूळ आणि डाळींसाठी राखून ठेवलेली घरघंटी आहे. गहू त्या बाहेर दळायला देतात आणि घरघंटीजवळही आणत नाहीत. ज्या घरांत उपासाची कढई वर्षानुवर्षे वेगळी ठेवली जाते, त्या घरांतल्या बायकांना ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. कढईवरून आठवले, तळणीचा क्रमही त्या पाळतात: नव्या तेलात आधी अळुवडी, मग वडे आणि सर्वांत शेवटी गव्हाच्या पुऱ्या. वड्यांचे पीठ त्यांनी तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, धणे आणि मेथ्यांचे केले होते. अनेक घरांत त्यात गहूही घालतात, म्हणून वडे ‘तांदळाचे’ आहेत असे कोणी म्हटले तरी विचारून घ्यावे.

इतके करूनही त्यांनी आपल्या जेवणाला ग्लुटेनमुक्त म्हटले नाही, आणि याच एका गोष्टीमुळे माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. भारतातील नियमांप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. ते मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही, म्हणून “गहू न वापरता, वेगळ्या भांड्यांत केलेले” एवढेच त्यांनी वहीत लिहून दिले. पुतणीच्या आईने तेवढ्या माहितीवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, काय घ्यायचे आणि काय नाही ते ठरवले. खाण्याचा निर्णय जेवणाऱ्याच्या हातात राहिला पाहिजे आणि त्यासाठी त्याला खरी माहिती मिळाली पाहिजे. पदार्थांबरोबर ॲलर्जीची माहिती देण्याचे बंधन सध्या केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांवर आहे. गावातल्या छोट्या सेवेवर ते नाही, आणि तरीही ही मंडळी ती देतात.

दुधाच्या बाबतीत फारसे सांगण्यासारखे नाही. तांदळाच्या खिरीऐवजी नारळाच्या दुधातले घाटले केल्यामुळे दिरांनी वाटीवर वाटी घेतली. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच, त्यामुळे मोदकावरचे तूप त्यांना चालले. मात्र ज्या मुलांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, त्यांच्यासाठी तूपही निर्धोक धरता येत नाही, हे काकूंनी आपणहून सांगितले.

काजूचा प्रश्न आमच्या भागात सर्वांत अवघड. दारातल्या झाडाचा काजू सणाच्या जेवणात नाही, ही कल्पनाच वडीलधाऱ्यांना सहन होत नाही. मसालेभातात काजू, अळूच्या फदफद्यात काजू, मोदकाच्या सारणात काजू, आणि पाहुणा मोठा असेल तर काजूगराची उसळ. सासूबाईंनी एका वाटीत काजू तळून वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला होता. काकूंनी त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगितले, “आजी, एकच डाव दोन वाट्यांत फिरतो. पोराला काही झालं तर आपल्याला घास गिळवणार नाही.” फदफद्यात त्यांनी खोबऱ्याचे काप आणि चण्याची डाळ घातली, मसालेभातावर ओले खोबरे पेरले, आणि पिस्ताही कोठे वापरला नाही, कारण काजू आणि पिस्ता एकाच कुळातले असून एकाची ॲलर्जी असणाऱ्याला बहुधा दुसऱ्याचीही असते. नारळ त्या कुळातला नाही आणि बहुतेकांना चालतो. आमच्या भाच्यालाही चालतो, पण त्यांनी ते गृहीत न धरता नणंदेला स्वतंत्रपणे विचारले. काजू नसल्यामुळे चवीत उणेपणा आला का? मसालेभातात थोडा आला, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल. फदफदे मात्र नेहमीपेक्षा सरस झाले होते.

या साऱ्याचा खरा लाभ पंगतीत दिसला. पथ्याच्या माणसाला कोपऱ्यात वेगळे ताट देण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि मग येणारा-जाणारा “अगं, एक मोदक तरी घे, प्रसादाला नाही म्हणू नये” असा आग्रह करत राहतो. येथे नैवेद्याचे पानच सर्वांना चालेल असे केल्यामुळे पुतणी आणि भाचा सर्वांबरोबर त्याच पंगतीत, त्याच केळीच्या पानावर जेवले, आणि आग्रहाला त्यांना नकार द्यावा लागला नाही. आरतीच्या प्रसादासाठी रव्याचा शिरा किंवा सुक्या मेव्याची खिरापत न करता साखरखोबरे आणि केळी ठेवावीत, ही सूचनाही काकूंचीच. रात्री भजनाला आलेल्या मंडळींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ पावाबरोबर होती, तशीच घावनांबरोबरही होती. शेजारच्या घरांतून आरतीनंतर येणारे पेढे, बर्फी आणि काजूकतली यांवर अर्थातच कोणत्याही जेवणसेवेचा ताबा चालत नाही. ती घरच्यांनीच आल्या आल्या उंच फळीवर ठेवावी लागतात.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. टोपांवर पदार्थांची माहिती लिहिलेले कागद चिकटवले होते, ते वाफेने ओले होऊन निघाले, आणि दोन सारख्या टोपांत गव्हाची आणि तांदळाची पुरी कोणती, हे क्षणभर कोणालाच सांगता येईना. वाढायला एकच बाई आली होती आणि बाकी वाढपी आमच्याच घरातली तरुण मुले होती. पुरीच्या टोपातला चिमटा दुसऱ्या टोपात जाताना मी स्वतः पाहिला आणि ती तांदळाची पुरी पुतणीला वाढू दिली नाही. तसेही तांदळाच्या पुऱ्या गार झाल्यावर चामट होतात, तेव्हा त्या करण्यापेक्षा वडेच अधिक द्यावेत. घावने डब्यात एकावर एक रचल्यामुळे चिकटली होती. दर नेहमीच्या आचाऱ्यापेक्षा पानामागे सुमारे एक चतुर्थांश अधिक आहे. वेगळ्या पिठांचा आणि जादा श्रमांचा विचार करता मला तो वाजवी वाटतो, पण मोठ्या पंगतीला तो जाणवतो. ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, त्यांनी कोलंबी-कुर्ल्यांची सोय दुसरीकडे करावी. या दिवसांत त्या मासळी शिजवत नाहीत, आणि कवचाच्या मासळीची ॲलर्जी असणाऱ्या घरांना त्यामुळे दिलासाच मिळतो.

कागद निघाल्याचे सांगितल्यावर काकूंनी गौरीपूजनाच्या दिवशी झाकणांच्या कड्यांना रंगीत दोरे बांधून पाठवले: लाल दोरा म्हणजे गहू, पांढरा म्हणजे दूध, आणि दोरा नसलेला टोप सर्वांसाठी. प्रत्येक टोपाबरोबर त्याचा स्वतःचा डावही त्याच दोऱ्याने बांधलेला होता. पुढच्या वर्षापासून गव्हाच्या टोपासाठी त्यांचीच वाढपी ठेवावी, असे आम्ही नोंदवून ठेवले आहे. मागणी नारळी पौर्णिमेपर्यंत द्यावी लागते. ती देताना माणसांची संख्या, प्रत्येकाला न चालणारा पदार्थ आणि तो चुकून पोटात गेल्यास होणारा त्रास, अशी तीन खाती त्यांच्या वहीत भरून द्यावी लागतात आणि तिसरे खाते कोरे ठेवले तर त्या मागणी घेत नाहीत.