बोटावरून हिमोग्लोबिन दाखवणारा मॉनिटर: सिझेरियनच्या टेबलावरचा काही महिन्यांचा अनुभव

ऐन सिझेरियनमध्ये या मॉनिटरचा सेन्सर बंद पडला आणि हमीची मुदत शिल्लक असूनही विक्रेत्याने तो बदलून देण्यास नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. केबल सेन्सरच्या तोंडाशी वाकवली गेली, हे त्यांचे कारण. टेबलावर हात आडवा ठेवलेल्या स्त्रीच्या बोटाला लावलेली केबल वाकणारच! सेन्सरची किंमत तालुक्याच्या रुग्णालयाला जड जाणारी आहे आणि सेन्सरवाचून हे महाग यंत्र हिमोग्लोबिनच्या कामाचे राहत नाही.

सुरुवातीला माझे मत प्रतिकूल होते. प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिले तर कधी अर्ध्या ग्रॅमचा, तर कधी दीड ग्रॅमचा फरक पडे, आणि रक्त देण्याचा निर्णय हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या आसपास असताना घ्यायचा, तेव्हा दीड ग्रॅम म्हणजे रक्ताच्या एका पिशवीने होणाऱ्या वाढीहून अधिक. शिवाय हिमोग्लोबिन खरोखर कमी असलेल्या स्त्रियांमध्ये आमचे यंत्र बहुधा चढा आकडा दाखवते, जे अधिक धोक्याचे आहे.

वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असलेल्या, म्हणून जास्त रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णांमध्ये मात्र मत बदलत गेले. आमची रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. पिशवी मागवायची की नाही हे लवकर ठरवावे लागते. सलाइन जात असताना आकडा एका दिशेने घसरू लागला की प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच आम्ही माणूस रवाना करतो. उलट, आकडा स्थिर आणि रक्तस्राव थांबलेला असल्यामुळे हाताशी असलेली पिशवी न लावता परत पाठवता आली, असेही घडले आहे. शस्त्रक्रियेच्या आरंभी एकदा नमुना तपासून त्या आकड्याशी यंत्र जुळवून घेतले, तर पुढची घसरण बरीच विश्वासार्ह वाटते.

तरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: परफ्युजन इंडेक्स, म्हणजे बोटातला रक्तप्रवाह किती जोमदार आहे हे सांगणारा यंत्रावरचा आकडा, पाहिल्याशिवाय हिमोग्लोबिनचा आकडा वाचू नये. स्पायनलनंतर (पाठीत दिलेल्या भुलीनंतर) रक्तदाब सावरण्यासाठी फिनाइलएफ्रिन हे रक्तवाहिन्या आकसवणारे औषध दिले, वातानुकूलनाने हात गार पडला किंवा रक्तस्रावाने बोटांकडचा प्रवाह आटला, की यंत्र नुसत्या रेघा दाखवते किंवा भलताच आकडा देते. म्हणजे गरज सर्वांत मोठी असते त्याच वेळी त्याचा आधार सर्वांत कमी असतो. सेन्सर रक्तदाबाच्या पट्ट्याच्या विरुद्ध हाताला लावणे, नेलपॉलिश काढणे, दिव्याचा प्रकाश आत शिरू नये म्हणून काळे आवरण घालणे आणि हात कापडात गुंडाळून उबदार ठेवणे, एवढे केले तरी बराच फरक पडतो.

वेगाने रक्त जात असेल तर या आकड्याची वाट पाहणे चूक ठरेल. प्लाझ्मा आणि पेशी एकत्रच जात असल्याने सुरुवातीला हिमोग्लोबिन फारसे उतरत नाही. तेव्हा सक्शनच्या बाटलीत जमलेले रक्त, रक्त टिपलेल्या मॉपचे (कापडी घड्यांचे) वजन, नाडी आणि रक्तदाब यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

जिथे रक्तपेढी आवारातच आहे आणि अहवाल झटपट मिळतो, तिथे हा खर्च मी सुचवणार नाही. आमच्यासारख्यांनी घ्यावा, पण खरेदीच्या वेळीच दुसरा सेन्सर आणि केबलची हमी लेखी मागून घ्यावी.