‘घराण्याचा इतिहास’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

माझे सासरे आयर्लंडमधल्या कॅव्हन काउंटीचे, आडनाव स्मिथ. त्यांच्या पंचाहत्तरीला घराण्याचा इतिहास भेट द्यायचा म्हणून आम्ही एका ऑनलाइन कंपनीला १८० युरो भरले. ‘तुमच्या कुटुंबावर स्वतंत्र संशोधन करू’, असं त्यांनी मेलमध्ये लिहून दिलं होतं. गाव, आजोबांचं नाव, आजीचं माहेर, सगळं आम्ही कळवलं.

आली ती एक चकचकीत पुस्तिका आणि फ्रेम केलेलं ढालीचं चित्र, खाली ‘स्मिथ घराण्याचे चिन्ह’. आजोबांचं नाव फक्त मुखपृष्ठावर. आत सगळं इंग्लंड: नॉर्मन सरदार, इंग्लिश गावांतले लोहार. कॅव्हन एकदाच येतं, ‘१८८१ च्या आयरिश जनगणनेत हे कुटुंब आढळते’ या वाक्यात. हे धादांत खोटं आहे. त्या जनगणनेचे घरोघरचे फॉर्म पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारनेच रद्दीत काढून त्यांचा लगदा केला. जे कागद अस्तित्वातच नाहीत, ते यांनी पाहिले कुठे?

मला सर्वांत जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कॅव्हनमधले बरेच स्मिथ मुळात मॅक गॉवन, म्हणजे आयरिश भाषेत लोहाराचे वंशज. इंग्रजी अमलाखाली आडनावाचं भाषांतर होऊन ते स्मिथ झाले. ज्या घराण्याचं नाव एकदा पुसलं गेलं, त्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात ‘तुम्ही इंग्लंडहून आलात’ असं छापून द्यायचं! सासरे सगळ्यांसमोर ते वाचत होते. पुस्तिका मिटून त्यांनी बाजूला ठेवली आणि पुढे काही बोलले नाहीत.

नणंदेचं सासरचं आडनाव प्राइस, घर वेल्समधलं. तिनेही तिथूनच पुस्तिका मागवली होती. तिच्यात पूर्वज ‘भाव ठरवणारे व्यापारी’! वेल्समधलं प्राइस हे ‘अॅप ऱ्हिस’, म्हणजे ऱ्हिसचा मुलगा, यावरून आलं. तसंच ‘अॅप हिवेल’चं पॉवेल आणि ‘अॅब ओवेन’चं बोवेन झालं. तिथे पूर्वी बापाचं नावच पुढे लागायचं, त्यामुळे ते पिढीगणिक बदलायचं. दोन प्राइस एकाच कुळातले असतीलच असं नाही, जसे सगळे कुलकर्णी एका घराण्यातले नसतात.

ढालीचं तर विचारूच नका. अशी चिन्हं अधिकृतपणे देणारं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स इंग्लंड-वेल्ससाठी १४८४ पासून आहे, आयर्लंडमध्ये त्याच कामासाठी चीफ हेराल्डचं कार्यालय आहे. चिन्ह मिळतं ते एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना. नुसत्या आडनावाला नाही.

कंपनीने ‘खास बनवलेली वस्तू परत घेत नाही’ म्हणून हात वर केले. मेलमधलं आश्वासन आणि १८८१ चं वाक्य दोन्ही आम्ही बँकेकडे पाठवलं, तेव्हा कार्डाचे पैसे परत आले. तुमच्याकडेही असं काही असेल तर मेल पुसू नका.

आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे मूळ फॉर्म राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. कॅथलिक चर्चची जुनी रजिस्टरं राष्ट्रीय ग्रंथालयाने अशीच खुली केली आहेत. कोणी संशोधनाचे पैसे मागितले, तर आधी एका नोंदीचा फोटो मागा. आमच्या कंपनीला तो शेवटपर्यंत देता आला नाही.