पीजीबॅकरेस्ट: पावसाळ्याआधी बसवलं, दिवाळीनंतर लिहितेय

पीजीबॅकरेस्ट हे पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घेणारं आणि तो परत उभा करणारं टूल. आमचं काम पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरचं. नवी मुंबईत महापे एमआयडीसीत ऑफिस, जवळच्याच एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर, आणि ठाणे, कल्याण, पनवेलकडच्या लॅबचे रिपोर्ट एकाच पोस्टग्रेसमध्ये. डेटाबेस ८०० जीबीच्या आसपास. माणूस सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन जातो आणि संध्याकाळी रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर लागतो. मधला एक दिवस गेला तर शेकडो लोकांना पुन्हा सुई टोचायला बोलवावं लागेल. त्यामुळे बॅकअप हा माझ्यासाठी ऑडिटच्या कागदावर टिक मारण्याचा विषय नाही.

आधीपासून चालत आलेली पद्धत म्हणजे रात्री दोन वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, पीजी-डंप ही डेटाबेसचा उतारा काढणारी कमांड. डंप वाईट नाही, एखादं टेबल हलवायला मी आजही तोच वापरते. पण दुपारी चारला डिस्क गेली तर हातात रात्री दोनचाच डेटा उरतो. शिवाय डंप परत भरताना सगळे इंडेक्स नव्याने बांधावे लागतात आणि एवढ्या आकाराला त्यातच दिवस जातो. डंप रोज नीट होतोय का, हाही प्रश्न असतोच. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेने त्यांच्या ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेचा अहवाल स्वतःच जाहीर केला होता, तो मी टीमला वाचायला लावते. चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी डिलीट झाली. मग कळलं की सर्व्हरवरचं पोस्टग्रेस ९.६ व्हर्जनचं आणि पीजी-डंप ९.२ चा, म्हणून डंप फेल होत होता, आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. शेवटी सहा तास जुना स्नॅपशॉट कामाला आला.

पर्याय म्हणून बारमनही पाहिलं. चांगलं आहे, लहान सेटअपला पुरेसं आहे. पीजीबॅकरेस्ट घेतलं ते एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवून बॅकअप घेता येतो म्हणून, आणि एकापेक्षा जास्त रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअप साठवायच्या जागा, ठेवता येतात म्हणून. एमआयटी लायसन्स आहे, पैसे लागत नाहीत.

बसवायला फार त्रास झाला नाही. कॉन्फिग फाइल छोटी असते. तुमच्या क्लस्टरला, म्हणजे एका पोस्टग्रेसमधल्या सगळ्या डेटाबेसना मिळून, ते ‘स्टँझा’ म्हणतात, तो तयार करायचा आणि ‘चेक’ कमांड मारायची. ही ‘चेक’ मला पहिल्या दिवसापासून आवडली. ती पोस्टग्रेसला चालू वॉल फाइल (बदलांची नोंद ठेवणारी फाइल) बंद करायला लावते आणि ती खरोखर रिपॉझिटरीत पोचली का ते बघते. पोचली नाही तर स्पष्ट एरर देते. मॉनिटरिंगमध्ये मी हीच कमांड टाकली आहे.

रविवारी पहाटे फुल, रोज रात्री इन्क्रिमेंटल (बदललेल्या फाइलींचाच), तेही स्टँडबायवरून, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या सतत ताज्या राहणाऱ्या जोडप्रतीवरून, त्यामुळे मुख्य सर्व्हरवर, प्रायमरीवर, फारसा लोड येत नाही. २०२३ मध्ये आलेली ब्लॉक इन्क्रिमेंटलची सोय चालू केली आणि रोजचा बॅकअप चांगलाच आटला. कारण सोपं आहे. पोस्टग्रेस मोठं टेबल एकेक जीबीच्या फाइलमध्ये तोडून ठेवतं. जुन्या पद्धतीत त्यातलं ८ केबीचं एक पान बदललं तरी अख्खी फाइल पुन्हा कॉपी व्हायची, आता बदललेला भाग तेवढा जातो.

खरा विचार करावा लागतो तो वॉलच्या रांगेचा. प्रत्येक बदलाची नोंद १६ एमबीच्या वॉल फाइलमध्ये होते आणि भरलेली फाइल रिपॉझिटरीत जाते. बॅकअपवर या नोंदी क्रमाने परत चालवल्या की हव्या त्या क्षणाला जाता येतं. रात्री काम कमी असतं तेव्हा फाइल लवकर भरत नाही, म्हणून आर्काइव्ह टाइमआउट, म्हणजे न भरलेली फाइलही पाठवून द्यायची मुदत, आम्ही ६० सेकंद ठेवला. म्हणजे सर्व्हर पूर्ण गेला तरी साधारण मिनिटभराचं नुकसान. पण रिपॉझिटरीपर्यंतचा रस्ताच बंद झाला तर या फाइली प्रायमरीवर साठत राहतात. डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद पडतं आणि लॅबचं रजिस्ट्रेशन थांबतं. त्यावर ‘आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स’ नावाची मर्यादा घालता येते. ती ओलांडली की टूल पोस्टग्रेसला ‘फाइल पोचली’ असं सांगून वॉल सोडून देतं. डेटाबेस चालू राहतो, पण तिथून पुढे नवा बॅकअप होईपर्यंत हव्या त्या क्षणाला परत जाता येत नाही. चालू राहणं महत्त्वाचं की परत जाता येणं, हे तुमच्या धंद्याने ठरवायचं. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएने एकट्याने ठरवू नये. आम्ही लॅबच्या डॉक्टरांना मीटिंगला बसवून ठरवलं: मर्यादा घालायची, पण डिस्क मोठी घ्यायची आणि रांग वाढायला लागली की फोन वाजला पाहिजे.

आता या सगळ्याचा उपयोग कधी झाला ते सांगते. गणपतीनंतरची गोष्ट. बाहेरच्या एका एजन्सीच्या माणसाने एका लॅबचे नॉर्मल रेंज बदलायला अपडेट चालवला आणि त्यात व्हेअर क्लॉज, म्हणजे कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट, नव्हता. सगळ्या लॅबचे रेंज एकसारखे झाले. बायकांच्या हिमोग्लोबिनपुढे पुरुषांचा रेंज यायला लागला, म्हणजे धडधाकट बाईच्या रिपोर्टवर ‘कमी’ असा शिक्का. स्टँडबायचा इथे काडीचा उपयोग नसतो, चुकीचा अपडेट तिथेही क्षणात पोचलेला असतो. रिपोर्ट छापणं आम्ही लगेच थांबवलं.

मी तेव्हा ऐरोलीला क्लायंटकडे होते. रिस्टोअर केला तो आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने. तिचा फोन आला, “मॅडम, ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये अपडेट दोन-दहाचा दिसतोय, पण सर्व्हर यूटीसीवर आहे. टार्गेट टाइमला प्लस साडेपाच लावते.” मी म्हटलं, “लाव. आणि आर्काइव्ह मोड?” “ऑफ टाकलाय, मॅडम.” ही दोन्ही बारीक कामं आहेत, पण जीव त्यातच असतो. प्लस ०५:३० लावलं नसतं तर यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) दोन-दहा धरले गेले असते, म्हणजे आपल्याकडचे सात-चाळीस. आणि वेगळ्या मशीनवर उभा केलेला डेटाबेस आर्काइव्ह मोड चालू ठेवून प्रमोट झाला, म्हणजे लिहिण्यासाठी खुला झाला, तर तो आपल्या वॉल मूळ रिपॉझिटरीत ढकलायला लागतो.

कुठला बॅकअप घ्यायचा हे टूलने वेळेवरून स्वतः निवडलं. डेटाबेस अपडेटच्या आधीच्या मिनिटावर येऊन थांबला. या थांबलेल्या अवस्थेत तो वाचता येतो, त्यामुळे प्रमोट करायची गरजही पडली नाही. तिने रेंज तपासले, त्या एका टेबलाचा पीजी-डंप काढला आणि प्रॉडक्शनला भरला. संध्याकाळचे रिपोर्ट उशिरा गेले, पण बरोबर गेले.

मला या टूलचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते इथे. आधी रिस्टोअर ही एका सीनियरच्या डोक्यातली विद्या होती. तो गावी गेला की सगळे देव पाण्यात. आता महिन्यातून एका शनिवारी आम्ही सुट्या मशीनवर रिस्टोअर करतो, दर वेळी वेगळा माणूस, आणि बाकीच्यांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. झाल्यावर पीजी-अमचेक (टेबल आणि इंडेक्स बिघडलेत का ते तपासणारं) चालवायचं आणि शेवटच्या पेशंटच्या नोंदणीची वेळ वहीत लिहायची. कमांड थोड्या आणि एरर वाचता येण्याजोगे आहेत, म्हणून हे शक्य होतं. या सरावातच आम्हाला कळलं की फाइली कॉपी व्हायला लागतो त्याहून जास्त वेळ कधीकधी वॉल परत चालवायला लागतो. तिथे एकच प्रोसेस काम करते, कितीही कोअर असले तरी. शेवटचा बॅकअप जेवढा जुना तेवढी वाट बघायची. रोजच्या इन्क्रिमेंटलमध्ये मी काटकसर करू देत नाही ती यासाठी.

दुसऱ्या रिपॉझिटरीवरून ऑफिसात बरीच चर्चा झाली. मॅनेजमेंटचं म्हणणं, ठाण्यात वागळे इस्टेटला आपली जागा आहे, तिथे ठेवू. मी १२ ऑक्टोबर २०२० ची आठवण दिली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच सकाळी अंधारात गेली होती. खाडीच्या अलीकडे एक प्रत आणि पलीकडे दुसरी, याला डिझास्टर रिकव्हरी म्हणत नाहीत. २०२२ मध्ये ॲमेझॉनचं हैदराबाद रीजन सुरू झालंय, आमची दुसरी रिपॉझिटरी तिथे आहे, एन्क्रिप्ट करून. हे करणार असाल तर आर्काइव्हिंग (वॉल पाठवणं) असिंक, म्हणजे मागच्या मागे चालणारं, ठेवा, आणि लक्षात घ्या की बॅकअप प्रत्येक रिपॉझिटरीला वेगळा चालवावा लागतो. वॉल मात्र दोन्हीकडे आपोआप जाते. हैदराबादची लाइन अडली तर महापेत रांग वाढते, हे अलर्ट लावताना धरून चाला.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. एकच टेबल परत आणायची सोय नाही, अख्खा क्लस्टर नाहीतर निवडक डेटाबेस. उबंटूवर पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइली डेटा डिरेक्टरीबाहेर असतात, त्या बॅकअपमध्ये येत नाहीत. आम्ही त्या गिटमध्ये ठेवतो. रिटेन्शन, म्हणजे किती बॅकअप जपायचे तो आकडा, दोन फुल ठेवलं तरी जुना फुल नवा पूर्ण झाल्यावरच जातो, म्हणून जागा तिनाची लागते. आणि एन्क्रिप्शनचा पासफ्रेज कॉन्फिग फाइलमध्येच असतो. सर्व्हरबरोबर तोही गेला तर हैदराबादची प्रत उघडणारच नाही. आमचा पासफ्रेज छापून सीलबंद पाकिटात, दोन वेगळ्या कपाटांत आहे.

हे टूल फक्त पोस्टग्रेसचं. आमच्याकडे जुन्या बिलिंगचा एक मारियाडीबी आहे, त्याला मारियाडीबी-बॅकअप लावलाय. तिथे इतका सराव अजून झालेला नाही, त्यामुळे त्याबद्दल आत्ताच काही लिहीत नाही. तुमचा डेटाबेस दहा-वीस जीबीचा असेल आणि एक दिवस मागे गेलेलं चालणार असेल, तर पीजी-डंप आणि दुसऱ्या शहरातली एक प्रत पुरेशी आहे. त्याहून मोठा असेल, किंवा दुपारचा डेटा दुपारीच परत हवा असेल, तर पीजीबॅकरेस्ट घ्या आणि पहिल्याच आठवड्यात टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाकडून एक रिस्टोअर करून घ्या.