माल परत घेण्याची हमी

भोसरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटीला होतो. सप्लायरकडून आलेला माल मोजायचा आणि मापात नसेल तर परत पाठवायचा. 2023 च्या मे महिन्यात आमची लाइन बंद झाली. एकेकाला आत बोलावून राजीनामा लिहून घेतला, म्हणजे कागदोपत्री मी स्वतःहून नोकरी सोडली. वय 47. पुढच्या सोमवारी बायकोने सवयीने डबा भरला आणि मग दोघांनी तो घरातच खाल्ला.

धंदा करायची हौस मला नव्हती. मला घाई होती ती एका उत्तराची. लग्नात, सोसायटीच्या गेटवर, जो भेटेल तो विचारायचा, "सध्या काय चाललंय?"

त्या दिवसांत मोबाइलवर जाहिरात दिसली. फुलवातीचं मशीन घ्या, कापूस आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ. मशीन 1,65,000 रुपये, कापसाचं डिपॉझिट 25,000. कापूस 300 रुपये किलोने द्यायचे आणि वाती 600 ने घ्यायचे. दिवसाला आठ किलो धरले तर 2,400 रुपये सुटत होते, जवळपास माझ्या पगाराएवढे.

मी बघायला गेलो. तीन मशीनं चालू, दोन बायका कामावर, भिंतीवर गणपती. मी माझ्या सवयीप्रमाणे मोटर बघितली, बेअरिंगचा आवाज ऐकला, पन्नास वाती मोजून वजन केलं. मशीन खरंच चांगलं होतं. सगळी गोम इथेच आहे. मी मशीन तपासलं, ते विकणारा तपासलाच नाही. ग्रॅच्युइटीतून पैसे भरले. वर उद्यम नोंदणीचे म्हणून साडेतीन हजार दिले. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार नंबरवर फुकट होते, हे नंतर कळलं.

पहिला चाळीस किलो माल त्यांनी घेतला आणि आठ दिवसांत 24,000 खात्यात जमा. आता कळतं, ती त्यांची जाहिरातच होती, फक्त ती मी करणार होतो. मी मेव्हण्याला सांगितलं, त्यानेही मशीन घेतलं आणि मला त्याचं दहा हजार कमिशन मिळालं. हे लिहिताना लाज वाटते, पण वगळलं तर अर्धीच गोष्ट होईल.

दुसरा लॉट 110 किलोचा. तो रिजेक्ट. कारण काय? "वात सैल आहे." किती सैल? नमुना कुठला धरला? वजन किती हवं होतं? उत्तर नाही. करार काढून वाचला. "मालाच्या दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील." बावीस वर्षांत आकडा लिहिल्याशिवाय मी कुणाचा एक नग परत पाठवला नव्हता, आणि या वाक्याखाली माझी सही होती. दिवाळीपर्यंत त्यांचे फोन बंद झाले.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "करार झालाय ना? मग दिवाणी मामला, कोर्टात जा." वकिलाने मात्र एक उपयोगी गोष्ट सांगितली. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन व्यापारी खरेदीत मोडत नाही, त्यामुळे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार केली आहे. तारखा पडताहेत.

मग मी दोन कामं केली, जी आधी करायची होती. जीएसटीच्या साइटवर त्यांच्या बिलावरचा नंबर टाकला. "पंधरा वर्षांचा विश्वास" सांगणाऱ्यांची नोंदणी मी पैसे भरले तेव्हा पाच महिन्यांची होती. दुसरं म्हणजे पिशवीत किलोभर वाती घेऊन रविवार पेठेत पूजा साहित्याच्या घाऊक दुकानात गेलो. दुकानदाराने वात बोटांत फिरवली, म्हणाला, "माल छान आहे, 380 ने देता?"

बाजारात 380 ला मिळणारी वात कुणी 600 ला का घेईल? त्यांना वाती नकोच होत्या. ते मशीनं विकत होते. हा भाव मला बसच्या तिकिटाच्या पैशात कळला असता.

मेव्हणा अजून घरी येत नाही. बहीण येते, एकटी. आमच्या माळ्यावर सात पिढ्यांच्या दिवाबत्तीची सोय आहे. गणपतीत बिल्डिंगमधल्या सगळ्यांना पुडे वाटले.

गेल्या महिन्यात मशीन विकायची जाहिरात मोबाइलवर टाकली, साठ हजारांना. सांगलीहून एका बाईंचा फोन आला. मिस्टरांची नोकरी गेली होती. मशीनबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"दादा, माल तुम्ही परत घेणार ना?"

मी नाही म्हणालो. "मग राहू द्या," म्हणाल्या, "दुसरे एक जण घेतो म्हणताहेत." मी पुढे काही बोलेपर्यंत फोन कट झाला. परत लावला तर उचलला नाही.